कोल्हापूरची बाजारपेठ व इलेक्ट्रॉनिकी वस्तूंची दुकाने

नभोवाणी संच, दूरचित्रवाणी संच, ध्वनिमुद्रक, संगणक, भ्रमणध्वनी इ. घरगुती वापराच्या इलेक्ट्रॉनिकी वस्तू विकणाऱ्या दुकानांनी कोल्हापूर शहरात कोणत्या जागा निवडल्या व त्यांना लोकप्रियता कशी लाभली, याचा इतिहास शहराच्या पेठांच्या इतिहासाशी निगडित आहे. या वस्तू बाहेर तयार होऊन शहरात आल्या. परंतु त्या जेथे मांडल्या गेल्या त्या जागा फार पूर्वीच ठरल्या होत्या. दुकान कोठे असावे हे प्रथम संस्थानाने, नंतर स्थानिक व्यापाऱ्याने व अलीकडच्या काळात बाहेरच्या कंपनीने ठरविले. या तीन अवस्थांत ग्राहक मात्र बव्हंशी एकच राहिला : शहराभोवतालच्या तालुक्यांतून कामानिमित्त येणारा व त्याच फेरीत खरेदी उरकणारा शेतकरी, नोकरदार वा छोटा व्यावसायिक.

पेठांची घडण : जुने कोल्हापूर अंबाबाईच्या (महालक्ष्मीच्या) मंदिराभोवती वाढले. मंदिराच्या पश्चिम दरवाजासमोरील महाद्वार रस्ता, सोन्याचांदीच्या व्यवहाराची गुजरी, पापाची तिकटी परिसरातील चपलांची दुकाने आणि भवानी मंडपाकडे जाणारा भाऊसिंगजी रस्ता हा या बाजाराचा गाभा होय. यात्रेकरू व दरबाराशी संबंधित लोक हे त्याचे मुख्य ग्राहक होते. एका धंद्याची दुकाने एका ओळीत असावीत, ही जुनी पद्धत येथे ठळकपणे आढळते.

१८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर हा सु. ४७ किमी. लांबीचा लोहमार्ग सुरू झाला आणि बाजाराला दुसरे केंद्र मिळाले. रेल्वे स्थानक जुन्या गावाच्या पूर्वेस, जयंती नाल्यापलीकडे होते. राजर्षी शाहू महाराजांनी (कार. १८९४–१९२२) १८९५ मध्ये स्थानकालगत शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. व्यापाऱ्यांना तेथे आणून गुळाची मोठी बाजारपेठ उभी करण्यात आली. माल जेथे गाडीत चढतो व गाडीतून उतरतो तेथेच बाजार असावा, हा त्यामागील हेतू होता. राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत (१९२२–४०) लक्ष्मीपुरी व राजारामपुरी हे भाग विकसित झाले. लक्ष्मीपुरीला धान्यबाजाराचे स्वरूप आले. राजारामपुरीची आखणी रुंद मुख्य रस्ता व त्याला मिळणाऱ्या क्रमांकित गल्ल्या अशी असून ती मूलतः निवासी वसाहत होती. जुन्या गावातील अरुंद बोळांशी तुलना करता तेथे पुढे मोठ्या दर्शनी भागाच्या दुकानांना जी सोय मिळाली, ती या आखणीमुळेच होय.

अशा रीतीने विसाव्या शतकाच्या मध्यास शहरात तीन प्रकारच्या जागा उपलब्ध होत्या : मंदिराभोवतालचा यात्रेचा बाजार, स्थानकालगतचा घाऊक मालाचा बाजार आणि नव्या वसाहतींतील प्रशस्त रस्ते. इलेक्ट्रॉनिकी वस्तूंच्या दुकानांनी या तीनही जागांचा क्रमाक्रमाने वापर केला.

स्थाननिवडीची तत्त्वे : दुकानाच्या जागेसंबंधीचा शास्त्रीय विचार १९२०–३० या दशकात व त्यानंतर झाला. अमेरिकन अभ्यासक मेल्विन कोपलंड यांनी १९२३ मध्ये वस्तूंचे तीन वर्ग केले : जवळच्या दुकानातून सहज घ्यावयाच्या, अनेक दुकाने पाहून पारखून घ्यावयाच्या आणि जिच्यासाठी ग्राहक मुद्दाम दूर जातो अशा खास वस्तू. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये असे दाखविले, की सारख्याच मालाचे दोन विक्रेते परस्परांपासून दूर जाण्याऐवजी रस्त्याच्या मध्यभागी एकमेकांशेजारी येण्याकडे झुकतात. विल्यम रायली यांच्या १९३१ च्या नियमानुसार दोन शहरांमधील ग्राहक लोकसंख्येने मोठ्या व अंतराने जवळच्या शहराकडे अधिक ओढला जातो. जर्मन भूगोलज्ञ व्हाल्टर क्रिस्टालर यांनी १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतील वस्त्यांच्या अभ्यासावरून मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. क्वचित लागणारी व महागडी वस्तू थोड्याच मोठ्या गावी मिळते आणि रोजची वस्तू प्रत्येक खेड्यात मिळते, असा त्याचा आशय आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात या सिद्धांतांची उदाहरणे सहज आढळतात. पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, गगनबावडा व शाहूवाडी या तालुक्यांतील ग्राहकाला कोल्हापूर हेच जवळचे मोठे शहर होय; शिरोळ तालुक्यातील ग्राहकापुढे सांगली–मिरज व इचलकरंजी हे पर्याय असतात, तर चंदगडच्या ग्राहकाला बेळगाव जवळ पडते. याउलट निपाणी परिसरातील व घाटाखालच्या कोकणातील काही ग्राहक कोल्हापुरास येतात. आंबा, गगनबावडा व फोंडा या घाटांतील रस्त्यांनी कोकणचा संबंध या बाजारपेठेशी पूर्वापार जुळलेला आहे. कोल्हापूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या सु. ५·४९ लाख (२०११) आणि जिल्ह्याची सु. ३८·७६ लाख (२०११) होती. म्हणजे शहरातील प्रत्येक रहिवाशामागे जिल्ह्यात सहा माणसे शहराबाहेरची होती. येथील दुकानदाराच्या हिशेबात ही सहा माणसे महत्त्वाची ठरतात.

ग्रामोफोन व नभोवाणीचा काळ : यंत्रातून निघणाऱ्या स्वराचे आकर्षण कोल्हापूरला लवकर लागले. दरबाराचा संगीताला आश्रय होता आणि गायन समाज देवल क्लबसारखी संस्था १८८३ पासून कार्यरत होती. बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा तयार करून १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू केली आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीची स्थापनाही येथेच झाली. यंत्र उघडून पाहणारा, त्याचा भाग घडविणारा व बिघाड काढणारा कारागीर या शहरात होता. पुढे शिवाजी उद्यमनगरात तेलएंजिनांचा धंदा ज्या कौशल्यावर उभा राहिला, तेच हे कौशल्य होय. इलेक्ट्रॉनिकी वस्तूंच्या लोकप्रियतेत या कारागिराचा वाटा दुकानदाराइतकाच आहे.

मुंबई नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. निर्वात नलिकांचा त्या काळचा संच महाग, जड व नाजूक होता. त्याला उंच आकाशक लागे, वीज नसलेल्या गावी विद्युत् घटमाला लागे व ती भारित करून घेण्यासाठी शहरात आणावी लागे. संच बाळगण्यासाठी टपाल कार्यालयातून परवाना घेऊन दरवर्षी त्याचे शुल्क भरावे लागे. कोपलंड यांच्या वर्गीकरणानुसार ही खास वस्तू होती. तिच्यासाठी ग्राहक मुद्दाम येई व एकदा विकत घेतल्यावरही घटमाला, नलिका व दुरुस्ती यांसाठी पुनःपुन्हा त्याच दुकानी येई. यामुळे विक्रेत्याशी ओळख हा व्यवहाराचा पाया बनला. मर्फी, फिलिप्स, बुश, नेल्को ही नावे जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचली होती. तरी खेड्यातील माणूस संच घेताना ‘कोणत्या कंपनीचा’ याबरोबरच ‘कोणाकडून घेतला’ हेही सांगे. नाममुद्रेची, म्हणजे आजच्या भाषेत ब्रँडची, पत अशा प्रकारे स्थानिक विक्रेत्याच्या पतीच्या आधाराने उभी होती.

विजेचा प्रसार व राज्य परिवहनाची वाहतूक या दोन घटकांनी १९५० नंतर परिस्थिती बदलली. शाहू महाराजांच्या काळात हाती घेतलेल्या राधानगरी धरणाचे बांधकाम दीर्घकाळ रखडल्यानंतर १९५० च्या दशकात पूर्ण झाले व तेथे जलविद्युत् निर्मिती सुरू झाली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाल्यावर राज्य परिवहनाच्या गाड्यांचे जाळे जिल्ह्यात पसरले. मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्थानकानजीक शाहूपुरीच्या अंगाला झाले. राधानगरी, गगनबावडा बाजूच्या गाड्यांसाठी रंकाळा व संभाजीनगर येथील स्थानकांचाही उपयोग होऊ लागला. खेड्यातून येणारा ग्राहक पूर्वी मंदिराजवळ उतरत असे, तो आता शाहूपुरीच्या तोंडाशी उतरू लागला. वजनदार संच घेऊन परतीची गाडी गाठावयाची असल्याने बसस्थानक व लक्ष्मीपुरी यांच्या दरम्यानच्या रस्त्यांना महत्त्व आले.

१९६० नंतर ट्रँझिस्टर संच स्वस्त झाले. विजेशिवाय, सुट्या विद्युत् घटांवर चालणारा हा संच शेताच्या बांधावर, उसाच्या गुऱ्हाळावर व दुकानाच्या फळीवर दिसू लागला. विविध भारती (१९५७) व आकाशवाणीचे सांगली केंद्र (१९६३) यांमुळे ऐकण्याजोगे मराठी कार्यक्रम जवळून मिळू लागले. नभोवाणी संच यापुढे खास वस्तू राहिला नाही. अनेक दुकाने पाहून पारखून घेण्याची वस्तू झाला. पारखून घेण्याच्या वस्तूंची दुकाने एकमेकांशेजारी असणे ग्राहकाच्या व विक्रेत्याच्याही सोयीचे असते. त्यामुळे एकेकट्या दुकानांचे गट बनू लागले.

दूरचित्रवाणीचा काळ : दूरचित्रवाणीच्या बाबतीत दुकानाच्या जागेपूर्वी शहराचाच प्रश्न होता. प्रक्षेपणाच्या कक्षेबाहेरील गावी संच विकणे निरर्थक होते. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी व मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. पुढच्या वर्षी पुणे परिसरात ते कार्यक्रम दिसू लागले. दक्षिण महाराष्ट्र मात्र दशकभर वाट पाहत राहिला. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, १९८३ मध्ये इन्सॅट–१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची झपाट्याने उभारणी झाली. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानांत दूरचित्रवाणी संचांची मोठी मागणी निर्माण झाली. संचावरील परवाना पद्धतीही १९८० च्या दशकाच्या मध्यास संपुष्टात आली. १९८७–८८ मध्ये रविवारी सकाळी दाखविल्या गेलेल्या रामायण मालिकेने आणि १९८८ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या महाभारत मालिकेने ही मागणी खेड्यांपर्यंत नेली.

या काळातील बाजार बव्हंशी देशी नाममुद्रांचा होता. ई.सी., वेस्टन, क्राउन, डायनोरा, अपट्रॉन यांबरोबरच मुंबईची ओनिडा (१९८१) व औरंगाबादच्या उद्योगसमूहाची व्हिडिओकॉन ही नावे पुढे आली. व्हिडिओकॉनचे कारखाने महाराष्ट्रातच असल्याने सुटे भाग व दुरुस्ती यांबाबत ग्राहकांना तिचा भरवसा वाटे. एका विक्रेत्याकडे चार–पाच नाममुद्रांचे संच शेजारी मांडलेले असत व ग्राहक एकाच चित्राची तुलना करून निर्णय घेई. संध्याकाळी दुकानाच्या दर्शनी काचेमागे संच चालू ठेवणे ही सर्वांत प्रभावी जाहिरात होती. त्यासाठी माणसे थांबू शकतील असा रुंद रस्ता व पदपथ हवा होता. राजारामपुरीचा मुख्य रस्ता व लक्ष्मीपुरी–शाहूपुरीचे मोठे रस्ते यांना या कारणानेही पसंती मिळाली. महाद्वार रस्त्यावर गर्दी अधिक होती. परंतु ती दर्शनाला निघालेली व कापड, पूजासाहित्य यांच्या खरेदीत गुंतलेली असे. गर्दी व गिऱ्हाईक यांतील हा भेद जाणकार व्यापाऱ्यांनी अनुभवाने ओळखला होता.

जकात, शहराची हद्द व गांधीनगर : स्थाननिवडीवर करव्यवस्थेचाही परिणाम होतो. कोल्हापूर नगरपालिका १८५४ मध्ये व महानगरपालिका १५ डिसेंबर १९७२ रोजी स्थापन झाली. शहरात येणाऱ्या मालावर जकात असे; नाक्याबाहेर विकल्या जाणाऱ्या मालावर ती नसे. जकात रद्द होऊन स्थानिक संस्था कर आला व तोही पुढे बव्हंशी रद्द झाला. तथापि जकातीच्या काळात पडलेल्या व्यापारी सवयी टिकून राहिल्या. महानगरपालिकेच्या स्थापनेनंतर अनेक दशके शहराची हद्दवाढ न झाल्याने हद्दीलगतच्या गावांत वसाहती व दुकाने वाढली.

याचे लक्षणीय उदाहरण गांधीनगर हे होय. वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात (१९४३–४८) पोलिश निर्वासितांची छावणी होती, तीत सु. पाच हजार लोक राहत होते. ते गेल्यावर फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित तेथे स्थायिक झाले व गांधीनगर ही वसाहत आकारास आली. शहराच्या हद्दीबाहेर, तरीही लोहमार्गालगत व महामार्गाजवळ असलेली ही जागा कापडाच्या घाऊक व्यापारासाठी प्रसिद्धीस आली आणि कालांतराने गृहोपयोगी वस्तूंचेही व्यवहार तेथे होऊ लागले. येथे जागा व्यापाऱ्यांनी हिशेबाने निवडलेली नव्हती, ती परिस्थितीने त्यांच्या वाट्यास आली होती. कमी नफ्यावर मोठी उलाढाल करण्याच्या पद्धतीमुळे त्यांनी ती लोकप्रिय केली. लोकप्रियता ही केवळ जागेची देणगी नसते, हे यावरून दिसून येते.

सहकार व ग्राहकाची क्रयशक्ती : जिल्ह्यातील खरेदीचे हंगाम सहकारी संस्थांच्या व्यवहारांशी बांधलेले आहेत. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर–नोव्हेंबरात सुरू होतो व उसाचे पैसे हप्त्यांनी मिळतात. कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ (गोकुळ, स्था. १९६३) व वारणा यांसारख्या संस्थांमुळे दुधाचे बिल दर दहा दिवसांनी घरात येते. उसाचे पैसे एकरकमी मोठ्या खरेदीला व दुधाचे पैसे नियमित हप्त्याला उपयोगी पडतात. दसरा, दिवाळीचा पाडवा व गुढीपाडवा या मुहूर्तांवर येथील दुकानांत जी झुंबड उडते, तिच्यामागे मुहूर्ताच्या श्रद्धेइतकेच हे आर्थिक वेळापत्रक असते. उसाचे पैसे थकले, की त्याचा परिणाम राजारामपुरीतील दुकानांपर्यंत पोहोचतो.

सहकाराने विक्रीच्या क्षेत्रातही प्रयोग केले. शेतकरी सहकारी संघ (स्था. १९३९) या संस्थेने शेतमाल व शेतीउपयोगी वस्तूंच्या व्यापारात नाव मिळविले. तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या वारणानगर परिसरात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वारणा बाजार हे सहकारी ग्राहक भांडार सुरू झाले. किराणा मालापासून गृहोपयोगी वस्तूंपर्यंत सर्व काही एका छपराखाली, ठराविक किमतीने व ग्रामीण भागातच मिळावे, ही त्यामागील कल्पना होती. ग्राहकाने शहरात जावे या गृहीताला या प्रयोगाने छेद दिला. पुढे खाजगी कंपन्यांनी लहान गावांत शाखा उघडताना जो मार्ग स्वीकारला, त्याचा हा एक पूर्वावतार म्हणता येईल.

एका नाममुद्रेची दुकाने : उत्पादकाने स्वतःच्या नावाचे दुकान प्रमुख रस्त्यावर थाटावे, ही कल्पना परदेशात जुनी आहे. सोनी कंपनीने १९६६ मध्ये टोकिओच्या गिंझा भागात उभारलेल्या इमारतीत माल विकण्यापेक्षा तो हाताळू देण्यावर भर होता. अ‍ॅपल कंपनीने पहिली दोन दुकाने १९ मे २००१ रोजी अमेरिकेत व्हर्जिनिया व कॅलिफोर्निया या राज्यांत उघडली. त्यासाठी तिने ग्राहकांची आधीपासून वर्दळ असलेली व्यापारी संकुले निवडली. आपला ग्राहक शोधत येईल अशी वाट न पाहता तो जेथे फिरतो तेथे उभे राहावे, हे त्यामागील धोरण होते.

भारतात १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर सोनी (१९९४), सॅमसंग (१९९५) व एल.जी. (१९९७) या कंपन्या आल्या. एका नाममुद्रेच्या किरकोळ विक्रीत परकीय गुंतवणुकीस २००६ मध्ये ५१ टक्क्यांपर्यंत व २०१२ मध्ये अटींसह १०० टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. तथापि कोल्हापूरसारख्या शहरांत कंपन्यांनी सहसा स्वतः दुकाने चालविली नाहीत. नावाची पाटी, अंतर्गत मांडणी, प्रकाशयोजना व किमती कंपनीच्या. जागा, भांडवल, नोकर व जोखीम स्थानिक मालकाची, अशी वाटणी रूढ झाली. यात जुना विक्रेता नाहीसा झाला नाही, परंतु त्याचे नाव पाटीवरून मागे पडले. पूर्वी नाममुद्रा त्याच्या पतीवर विकली जाई. आता तो नाममुद्रेच्या पतीवर विकू लागला.

जागेची निवडही बदलली. कंपनीच्या कार्यालयात ती आकड्यांवरून होऊ लागली : दर्शनी भागाची रुंदी, वाहनतळ, रस्त्यावरील वर्दळ, शेजारी प्रतिस्पर्धी आहे किंवा नाही आणि भाड्याचे उलाढालीशी प्रमाण. या निकषांवर राजारामपुरीचा मुख्य रस्ता सरस ठरला. मूळच्या निवासी घरांच्या जागी दुकानांच्या इमारती आल्या व कपडे, दागिने, भ्रमणध्वनी आणि गृहोपयोगी उपकरणे यांची दुकाने तेथे एकवटली. हॉटेलिंग यांचा निष्कर्ष येथे प्रत्यक्षात दिसतो. प्रतिस्पर्धी एकमेकांचे शेजारी झाले. बाहेरच्या ग्राहकावरील शहराचे अवलंबन २०१० च्या दशकाच्या पूर्वार्धातील पथकरविरोधी आंदोलनातही व्यक्त झाले. शहरप्रवेशावर कर बसल्यास ग्राहक सांगली–इचलकरंजीकडे वळेल, ही भीती व्यापाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते.

एकाच छपराखाली अनेक नाममुद्रा ठेवणाऱ्या साखळी दुकानांचा उदय हा या क्रमातील पुढचा टप्पा होय. विजय सेल्स (१९६७), क्रोमा (२००६) व रिलायन्स डिजिटल (२००७) यांनी त्यास चालना दिली. वस्तुतः अनेक संच शेजारी ठेवून तुलना करू देणाऱ्या १९८० च्या दशकातील स्थानिक दुकानाचेच हे भव्य रूप आहे. फरक भांडवलाचा, खरेदीतील सवलतीचा व हप्त्यांच्या व्यवस्थेचा आहे. पूर्वी हप्ता दुकानदाराच्या वहीत, ओळखीवर असे. आता तो वित्तसंस्थेच्या संगणकात, कागदपत्रांवर असतो. ‘शून्य टक्के व्याजा’च्या योजनांत व्याज प्रत्यक्षात किमतीत वा प्रक्रिया शुल्कात लपलेले असते, यास्तव रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांच्या अशा योजनांवर आक्षेप घेतला. वहीवरील हप्ता पाऊस लांबल्यास किंवा बिल थकल्यास मागेपुढे होऊ शके. संगणकातील हप्त्याला ती मुभा नाही आणि शेतीवर अवलंबून असलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने हा मोठा बदल आहे.

दुरुस्तीचा प्रश्न : लोकप्रियतेचा निर्णय बऱ्याच वेळा विक्रीनंतर लागतो. नलिका व ट्रँझिस्टर यांच्या काळात संच जेथून घेतला तेथेच किंवा शेजारच्या कारागिराकडे दुरुस्त होई. एकात्मिक मंडलांच्या व सपाट पडद्यांच्या संचांत भाग दुरुस्त करण्याऐवजी संपूर्ण फलक बदलावा लागतो व तो कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातूनच मिळतो. विक्रीचे दुकान मुख्य रस्त्यावर व सेवाकेंद्र स्वस्त भाड्याच्या आडरस्त्यावर, अशी विभागणी त्यामुळे झाली. आजरा किंवा चंदगड येथील ग्राहकाला एका बिघाडासाठी शहराच्या दोन–तीन फेऱ्या पडू शकतात. खर्च दुकानाच्या भाड्यातून वाचतो व ग्राहकाच्या प्रवासावर चढतो. याच कारणाने तालुक्याच्या गावचे छोटे विक्रेते टिकून राहिले. त्यांच्याकडील किंमत थोडी अधिक असली, तरी संच घरी बसवून देणे व बिघडल्यास तो शहरात पोचविणे ही कामे ते स्वतः करतात.

पुराचा धोका : स्थानकालगतचा बाजार वसविताना मिळालेल्या सोयींबरोबर एक धोकाही आला. जयंती नाला शहरातून वाहत जाऊन पंचगंगेस मिळतो. नदीला मोठा पूर आल्यास पाणी नाल्यातून मागे चढून शाहूपुरी व लक्ष्मीपुरीच्या सखल भागात शिरते. १९८९, २००५, २०१९ व २०२१ या वर्षांचे पूर मोठे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाण्याची पातळी ५५ फुटांवर गेली. धान्य वा कापड काही अंशी वाचविता येते. इलेक्ट्रॉनिकी माल भिजला की निरुपयोगी होतो. तळघरात गोदाम ठेवण्याची पद्धत अशा दुकानांना घातक ठरते. राजारामपुरी उंचावर असल्याने तिला मिळणारी पसंती या अनुभवाने आणखी वाढणे साहजिक आहे. दूरच्या कार्यालयातील वर्दळीच्या आकड्यांत पुराची रेषा नसते; जुन्या व्यापाऱ्याला ती भिंतीवरील खुणेवरून माहीत असते.

आंतरजालावरील विक्री व सद्यःस्थिती : फ्लिपकार्ट (२००७) व ॲमेझॉनची भारतातील विक्रीसेवा (२०१३) यांमुळे दुकानाच्या जागेचे महत्त्व संपेल, असे मत काही काळ प्रबळ होते. शाओमी कंपनीने २०१४ मध्ये भारतात केवळ आंतरजालावरून भ्रमणध्वनी विकण्यास सुरुवात केली. परंतु २०१७ मध्ये तिलाही बंगळूर येथे स्वतःच्या नावाचे दुकान उघडावे लागले. ओपो व विवो या कंपन्यांनी प्रारंभापासून लहान गावांतील विक्रेत्यांना अधिक दलाली व मोठ्या पाट्या देऊन आपले जाळे विणले. भ्रमणध्वनी ही वस्तू आता कोपलंड यांच्या तीनही वर्गांत मोडते : साधा संच कोपऱ्यावरच्या दुकानातून, मध्यम किमतीचा पारखून राजारामपुरीतून आणि महागडा मोठ्या शहरातून वा आंतरजालावरून घेतला जातो. अ‍ॅपलने आंतरजालावरील आपले भारतीय दुकान २०२० मध्ये सुरू केले. स्वतःची दुकाने २०२३ मध्ये मुंबई व दिल्ली आणि २०२५ मध्ये बंगळूर व पुणे येथे उघडली. कोल्हापुरात मात्र तिची उत्पादने अधिकृत विक्रेत्यांमार्फत मिळतात. क्रिस्टालर यांच्या श्रेणीरचनेत कोल्हापूरचे स्थान कोठे आहे, हे यावरून कळते. वस्तू येथे पोहोचते, परंतु कंपनीचे स्वतःचे दुकान सु. २३० किमी. वरील पुण्यापर्यंतच येऊन थांबते.

संस्थानाने पेठ वसविताना माल, मार्ग व वस्ती यांचा एकत्र विचार केला. स्थानिक व्यापाऱ्याने त्यात ओळख व दुरुस्ती यांची भर घातली. कंपन्यांनी मांडणी, किंमत व निवड यांचा दर्जा उंचावला. जागेचा निर्णय मात्र प्रत्येक टप्प्यावर ग्राहकापासून अधिक दूर गेला. कोणत्याही नाममुद्रेचे दुकान येथे दीर्घकाळ चालले ते ज्या तालुक्यांतून ग्राहक येतो तेथील रस्ते, हंगाम व दुरुस्तीची गरज यांची दखल घेतल्यामुळेच. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी व राजारामपुरी या पेठा त्यांच्या संस्थापकांच्या काळानंतरही बाजाराच्या मुख्य वाटा म्हणून टिकून आहेत आणि नव्या वस्तूंची दुकाने अद्याप त्याच वाटांवर उघडली जात आहेत.